परळच्या डॉक्टरनं सर्पगंधेचा हिशोब मांडला आणि जगाला बीपीचं औषध मिळालं

घरात कुणाची ब्रॉन्कोस्कोपी झाली असेल तर तुम्हाला माहिती असेल. नाकातून किंवा तोंडातून कॅमेरा असलेली बारीक नळी थेट श्वासनलिकेत घालतात. खोकला येतो, जीव घाबरतो. म्हणून आधी घसा बधिर करतात आणि शिरेतून गुंगीचं औषध देतात.

पण किती द्यायचं? कमी पडलं तर पेशंट नळी ओढून काढेल. जास्त झालं तर श्वास मंदावतो, बीपी पडतं, आणि श्वासाच्या वाटेत तर आधीच नळी बसलेली. त्यामुळं डॉक्टर थोडं देतात, थांबतात, मॉनिटर बघतात आणि गरज वाटली तरच अजून थोडं देतात.

गुंगी आणणाऱ्या एका देशी मुळीचा असाच मोजूनमापून हिशोब मांडणारा डॉक्टर आपल्या परळमध्ये होऊन गेला. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

१९११ साली मुंबईत, पारशी घरात त्यांचा जन्म झाला. डॉक्टरकी शिकले लंडनला. परत आल्यावर ते गिरण्या आणि चाळींच्या मधोमध असलेल्या केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयाचे पेशंट बघू लागले.

तेव्हा बीपीवर भरवशाचं औषधच नव्हतं. मीठ बंद करा, आराम करा, झोपेच्या गोळ्या घ्या, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. फारच वाढलं तर ऑपरेशन करून नसा कापायचे.

दुसरीकडं आपल्याकडं सर्पगंधा होती. बिहारमध्ये तर तिची मुळी वेडावरचं औषध म्हणूनच विकली जायची. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं होतं की या मुळीनं माणूस शांत होतो आणि बीपीही उतरतं. भारतातले बरेच डॉक्टर ती वापरत होते, पण जगाला याचा पत्ताच नव्हता.

वकिलांनी मुळी शोधली नाही, त्यांनी ती मोजली. बीपीच्या ५० पेशंटना सर्पगंधा दिली आणि आकडे नोंदवले. बहुतेकांचं बीपी उतरलं. १९४९ साली हा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला आणि बाहेरच्या डॉक्टरांचे डोळे उघडले.

बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून अमेरिकेत सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतून रेसर्पिन हा घटक वेगळा काढला. मुळी कधी कडक निघते, कधी सौम्य. आता मात्र रोज अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी डोसही नेमका मोजून देता येऊ लागला. मनोरुग्णांना शांत करायलाही हेच औषध वापरलं गेलं.

१९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

पण गोष्ट इथं संपत नाही. डोस जास्त झाला की काही पेशंट खोल नैराश्यात जायचे. शिवाय भूल दिल्यावर रेसर्पिन घेणाऱ्या काहींचं बीपी एकदम कोसळतंय, हे १९५० च्या दशकातच भूलतज्ज्ञांच्या लक्षात आलं. कारण या औषधाचा परिणाम हळूहळू चढतो आणि गोळी बंद केल्यावरही बरेच दिवस टिकतो.

१९७४ साली डॉ. वकील गेले. पुढं बीपीवर आणखी सुरक्षित औषधं आली आणि रेसर्पिन मागं पडलं. मुळीतून आलंय म्हणून औषध निरुपद्रवी होत नाही, हा धडा मात्र मागं राहिला.

आज ब्रॉन्कोस्कोपीत बहुतेक वेळा मिडाझोलम आणि फेंटॅनिल वापरतात. त्यांचा असर काही मिनिटांत दिसतो. तरी सगळ्यांना एकच डोस चालत नाही. वय, वजन, लिव्हर, किडनी, फुप्फुसांची ताकद आणि आधीपासून चालू असलेली औषधं बघून तो ठरतो. म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा बराच कमी लागतो.

म्हणून ब्रॉन्कोस्कोपीआधी डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा. बीपीची गोळी, झोपेची गोळी, दारू आणि हो, वैद्यांकडून आणलेलं चूर्णसुद्धा. त्या चूर्णात सर्पगंधा असू शकते. मनानं कुठली गोळी बंद करू नका, पण लपवूही नका. तुमचा डोस त्यावरच ठरणार आहे.