पंडिता रमाबाई आणि स्त्रियांची पाळकदीक्षा

स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही, याविषयी ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही. रोमन कॅथॉलिक व ऑर्थोडॉक्स मंडळ्या ती देत नाहीत. चर्च ऑफ साऊथ इंडियाने १९७६ साली दिली, चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ साली. दोन्ही पक्ष पवित्र शास्त्राचाच आधार घेतात. एक पक्ष १ तीमथ्य २:१२ कडे बोट दाखवितो. दुसरा गलती ३:२८, अपुल्लोसाला शिकविणारी प्रिस्किल्ला आणि पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना सांगणारी मग्दालीया मरीया यांची आठवण देतो. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण पुन्हा पाहावे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने मुलीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत, पुराणे सांगत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८० साली विवाह, १८८२ साली वैधव्य, पदरी लहानगी मनोरमा. पुढे इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात असताना, त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना निघाली. तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. असे केल्यास स्वदेशात त्यांची किंमत कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना नवल वाटले. पित्याने वा पतीने जी हरकत कधी घेतली नाही, ती ख्रिस्ती लोकांनी घ्यावी! आपली विवेकबुद्धी कोणाही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली व विधवा घेऊन परतल्या. आपले पांढुर्णा व सौंसर तेव्हा त्याच प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात होते. म्हणून ही हकीकत आपल्याला परकी नाही. केडगावच्या मुक्ति सदनात १९०५ साली मोठे संजीवन झाले आणि मुलींच्या टोळ्या गावोगाव सुवार्ता सांगत गेल्या. मात्र बाप्तिस्मा देण्यास रमाबाई पाळकांना बोलावीत. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले सोप्या मराठीतील बायबल सदनातील स्त्रियांनीच छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

वाचकहो, रमाबाईंना दीक्षा कधीच मिळाली नाही. म्हणून स्त्रियांनी दीक्षेवाचूनच राबावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्या चरित्राने दीक्षेचा वाद मिटत नाही, पण एक गोष्ट ठरते: देव स्त्रीला वचन सांगण्याचे दान देतो. दीक्षेला विरोध करणाऱ्यांनी हे नाकारू नये. दीक्षा मागणाऱ्यांनीही ध्यानी ठेवावे की रमाबाईंनी मानासाठी नव्हे, तर भुकेल्या मुलींसाठी कंबर बांधली. शब्बाथशाळेत रविवारमागून रविवार शिकविणाऱ्या आपल्या भगिनींना मंडळीने कोणते स्थान दिले आहे, हे प्रत्येक पंचमंडळाने प्रार्थनापूर्वक तपासावे.