जोसेफ फोरियर: फोन का तापतो याचं गणित लिहिणारा कलेक्टर

गेम खेळताना फोन मागून गरम लागतो ना? प्रोसेसरपाशी तयार झालेली उष्णता कव्हरपर्यंत किती वेगाने पोचेल, हा हिशोब इंजिनियर आजही ज्या समीकरणाने करतात, ते दोनशे वर्षांपूर्वी एका शिंप्याच्या मुलाने मांडलं.

जोसेफ फोरियर १७६८ साली फ्रान्समधल्या ओसेर गावात जन्मला. नऊ-दहा वर्षांचा असतानाच पोरका झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात गेला. रोबेस्पिअरची सत्ता कोसळली आणि तो सुटला. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परत आल्यावर नेपोलियनने त्याला ग्रेनोबलला प्रिफेक्ट नेमलं, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखं पद. दलदली उपसायच्या, रस्ते बांधायचे, आणि उरलेल्या वेळात लोखंडी कडं तापवून त्याचं तापमान मोजत बसायचं!

त्याची कल्पना साधी होती. वस्तूच्या प्रत्येक बिंदूला काहीतरी तापमान असतं. या सगळ्या आकड्यांचा मिळून बनतो तो तापमानाचा 'फील्ड'. थोड्या अंतरात तापमान जितकं झपकन बदलेल, तितकी उष्णता जोरात वाहणार. हे समीकरण सोडवायला त्याने एक धाडसी दावा केला: आलेख कितीही वेडावाकडा असो, साइन आणि कोसाइनच्या लाटा एकत्र करून तो तयार करता येतो.

१८०७ मध्ये त्याने हे पॅरिसला पाठवलं आणि तिथेच घोडं अडलं. लाग्रांजसारख्या दिग्गजाला लाटांची ही बेरीज पटेना. पुढे स्पर्धेत याच विषयावर बक्षीस मिळालं, पण सिद्धता कच्ची असल्याचा शेरा मारून, आणि निबंध तेव्हा छापला नाहीच. खरं सांगायचं तर शेरा अगदीच चुकीचा नव्हता. पक्की सिद्धता नंतरच्या गणितज्ञांनी दिली. फोरियरने हट्ट सोडला नाही. १८२२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी.

मग मात्र गाडी सुसाट सुटली. १८२७ मध्ये ओहमने हीच मांडणी विजेला लावली, १८५५ मध्ये फिकने पाण्यात पसरणाऱ्या मिठाला. इंजिनियरिंगला 'ट्रान्सपोर्ट फिनॉमिना' शिकताना हे तिघे सारखे का दिसतात, ते आता कळलं असेल. आणि त्या लाटा? तुमचं वायफाय आणि फोरजी सिग्नलची फोड त्यांच्याच हिशोबाने करतात.

इजिप्तहून आल्यापासून फोरियरला सतत थंडी वाजायची. भर गरम खोलीतही तो कपडे गुंडाळून बसायचा. १८३० मध्ये तो पॅरिसला वारला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे. लाग्रांजचंही आहे.