पाच तासांचा प्रवास आणि न काढलेलं परतीचं तिकीट

मोबाइलवर आदिस अबाबा ते मुंबई अंतर टाकून बघा. साधारण 3,800 किलोमीटर येईल. थेट विमानानं पाचेक तास. मुंबईहून चिकलठाणा आणखी तासभर. मग जालना रोडचं ट्रॅफिक धरलं, तरी इथिओपियात सकाळी निघालेला माणूस रात्री जेवायला तुमच्या छावणीत!

याच वाटेनं साडेचारशे वर्षांपूर्वी एक मुलगा आला. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं, तुला जायचंय का म्हणून.

त्याचं नाव चापू. जन्म 1548 च्या सुमाराचा, इथिओपियातल्या हरारकडचा. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. आधी तांबडा समुद्र ओलांडून येमेनचं मोखा बंदर, मग बगदाद. तिथल्या मालकानं त्याला शिकवलं आणि नाव दिलं अंबर. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे विकला गेला. नकाशावर हे टप्पे सरळ रेषेत जोडा, सहा हजार किलोमीटर होतात. वेळ? पाच तासांच्या जागी आयुष्यातली कोवळी वर्षं. दख्खनमध्ये आला तेव्हा तो विशीत होता.

चंगेजखान मेल्यावर अंबर मोकळा झाला. तेव्हा घरी जावं, असं त्याला वाटलं असेल का? आपल्याला माहीत नाही. तो इथेच राहिला, एवढं नक्की. शिपाईगिरी केली, माणसं जोडली. 1600 मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरनं निजामशाही घराण्यातला वारस गादीवर बसवला आणि कारभार हातात घेतला. मोठ्या फौजेशी समोरासमोर भिडायचं नाही, डोंगरात गाठायचं, रसद तोडायची, ही त्याची रीत. जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका चिडून होता, की अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्रच त्यानं काढून घेतलं!

1610 मध्ये अंबरनं खडकी गावात राजधानी वसवली. तेच आपलं शहर. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, निव्वळ उतारावर, कुठल्याही पंपाशिवाय शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. 1616 मध्ये मुघलांनी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. इथे तर त्याचं जन्मगाव नव्हतं, सोडून जाता आलं असतं. त्यानं पुन्हा उभारणी केली आणि 1624 मध्ये भातवडीला मुघल-आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते.

1626 मध्ये तो गेला. कबर खुलताबादला आहे, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर.

तुमच्यापैकी कितीतरी जण बीड, परभणी, हिंगोलीहून येऊन इथे होस्टेलवर राहताय. उद्या कुणी पुण्याला जाईल, कुणी परदेशात. जिथे जाल ते शहर आपलं कधी होतं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. तेव्हा छावणीतून गाडी काढा, खाम नदी ओलांडा आणि भडकल गेटपाशी जरा थांबा. 1612 चा हा दरवाजा मलिक अंबरचाच. हरार तिथून 3,750 किलोमीटर लांब आहे.