लोकशिक्षक गाडगेबाबा

वऱ्हाडातील शेणगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी यांची स्थिती प्रथम बरी होती. परंतु त्यांना मद्याचे व्यसन जडले. शरीर खंगले, शेतीवाडी गेली आणि १८८४ साली त्यांचा अंत झाला. आठ वर्षांच्या डेबूला घेऊन सखुबाई दापुरे येथे माहेरी आल्या. दारू केवळ पिणाऱ्यालाच नव्हे, तर त्याच्या साऱ्या घराला ग्रासते, हे त्या बालकास पुस्तकावाचून उमगले.

पुढे डेबूजींना कन्या झाली. नामकरणाच्या दिवशी भाऊबंदांना मांसमद्याची मेजवानी देण्याचा प्रघात होता. डेबूजींनी मात्र पंगतीला गोडधोड वाढले. जातभाई रुष्ट झाले. त्या काळी त्यांचा रोष ओढवून घेणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही डेबूजी ढळले नाहीत. या दारूबंदीमागे ना कायदा होता, ना शिपाई.

१९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे, असे ते गावोगाव हिंडू लागले. दिवसा रस्ते झाडावेत आणि रात्री कीर्तनात साध्या प्रश्नांनी श्रोत्यांना विचार करावयास लावावे, हा त्यांचा क्रम होता. कर्ज काढू नका, देवापुढे पशू मारू नका, दारूला शिवू नका, हाच त्यांचा उपदेश असे.

१९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. कायद्याने गुत्ते बंद होतात. परंतु मनातील ओढ कायम राहिली, तर चोरट्या भट्ट्या पेटतात. तेथील दारूत मिथिल अल्कोहोलसारखे विष मिसळले गेले, तर दृष्टी जाते, प्राणही जातो. २००९ साली दारूबंदी असलेल्या गुजरातेत, अहमदाबाद येथे, अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बंदीला लोकशिक्षणाची जोड का हवी, हे यावरून ध्यानी येते. बाबांनी आयुष्यभर तेच शिक्षण दिले.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा केला. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर असताना, बाबांनी देह ठेवला.