रेने लेनेक : छाती ऐकायला शिकवणारे डॉक्टर

खोकला किंवा दम लागतो म्हणून रुग्णालयात गेलात, की डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावून मोठे श्वास घ्यायला सांगतात. ही पद्धत घालून दिली रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी.

लेनेक यांचा जन्म १७८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी भागात झाला. ते पाच वर्षांचे असताना आई वारली. पुढे नांत शहरातील डॉक्टर काकांनी त्यांना सांभाळले आणि वैद्यकाकडे वळवले.

१८१६ मध्ये ते पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात काम करू लागले. तोवर डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावत, किंवा बोटांनी ठोकून आवाज पाहत. त्या वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीसाठी आली. ती स्थूल असल्याने ठोकून काही कळेना आणि तिच्या छातीला कान लावणे त्यांना योग्य वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे कानाला लावले. ठोके थेट कानापेक्षा स्पष्ट आले! नंतर त्यांनी लाकडाची पोकळ नळी स्वतः घडवली. ती एकाच कानाला लावायची असे.

माझ्या मते नळीपेक्षा त्यांचे पुढचे काम मोठे. छातीत ऐकलेला प्रत्येक आवाज ते टिपून ठेवत आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात फुप्फुस पाहून पडताळत. न्यूमोनियात तापल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा आवाज येतो. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली, तर त्या जागी रुग्णाचे बोलणे नळीतून थेट कानात शिरते. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्या ब्राँकिएक्टॅसिसचे वर्णनही त्यांनीच केले. हे सारे १८१९ च्या ग्रंथात आले. मरणोत्तर कळणारा आजार आता जिवंतपणी ओळखता येऊ लागला.

अर्थात छाती स्वच्छ ऐकू आली म्हणजे क्षय नाहीच, असे समजू नका. सुरुवातीला स्टेथोस्कोपला काहीच सापडत नाही, असे होऊ शकते. म्हणून आपण एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करतो.

लेनेक यांच्याकडे निदान होते, औषध नव्हते. त्यांना स्वतःलाच क्षय झाला. नात्यातल्या एका तरुण डॉक्टरने त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली आणि ऐकू आले ते सांगितले. त्याचा अर्थ लेनेक यांच्याइतका कुणाला कळणार? १३ ऑगस्ट १८२६ रोजी, ४५ व्या वर्षी, ते ब्रिटनीत वारले. क्षयाचा जंतू सापडला १८८२ मध्ये, आणि पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, थेट १९४० च्या दशकात.