वस्ती पाडण्याआधी माणसांचा विचार करणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस

प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये सरकारने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले, चाळीही बांधण्यात आल्या; मात्र घर गमावलेल्या अनेकांनी जवळच्या वस्त्यांत आसरा घेतला आणि तेथील गर्दी वाढली. जीर्ण वस्ती सरकारने पाडावी की सावरावी, हा प्रश्न पुढे भारतात ठामपणे मांडणारे नगररचनाकार म्हणजे सर पॅट्रिक गेडिस.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. विवाहानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या भागातील पडझड झालेल्या इमारतीत राहायला गेले. रहिवाशांना सोबत घेऊन त्यांनी तेथे सफाई, रंगसफेदी, दुरुस्ती व बागा केल्या. शरीर राखून रोगट भाग तेवढाच काढणाऱ्या शस्त्रक्रियेची उपमा त्यांनी या पद्धतीला दिली.

१९१४ मध्ये ते भारतात आले. येथील अनेक शहरांचा त्यांनी गल्लीबोळ पायी फिरून अभ्यास केला आणि अहवाल लिहिले. सरळ रस्त्यासाठी शेकडो घरे पाडण्याऐवजी मोजकी पडकी घरे काढावीत, मोकळ्या जागी चौक, झाडे व विहिरी राखाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे खर्च कमी होतो आणि बेघरही थोडेच होतात, हे ते दाखवून देत.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली. ज्या रस्त्यांवर सफाई व दुरुस्ती उत्तम, तेथूनच ती जाईल असे जाहीर होताच नागरिक कामाला लागले. इंदूरवरील त्यांचा द्विखंडात्मक अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात, १९१७ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा महायुद्धात मारला गेला आणि ॲना यांचे भारतातच निधन झाले.

१९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. थोर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचे शिष्य. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.

त्यांच्या बहुतेक योजना कागदावरच राहिल्या. तरीही, हटवलेली माणसे जाणार कुठे, याचे उत्तर वस्तीला हात लावण्याआधी सरकारकडे असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजच्या प्रत्येक पुनर्विकास योजनेलाही लागू पडतो.