पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि गावाचा पाणवठा

मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की महाराष्ट्रात पहिले नाव आठवते ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथचे मंदिर ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. परंतु या माऊलीने देवळाइतकीच काळजी पाण्याची वाहिली, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी ती सांगणे उचित ठरेल.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे त्यांचेच नाव मिळाले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलूख पर्जन्यछायेचा. पाण्याचे मोल अशा मुलखातील लेकीबाळींना निराळे शिकवावे लागत नाही. गावच्या देवळात मल्हारराव होळकरांनी या मुलीला पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, असे सांगतात. १७३३ साली खंडेराव होळकरांशी त्यांचा विवाह झाला.

पुढील आयुष्य दुःखाचेच गेले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि तिच्या हाती कारभार सोपविला. १७६६ साली मल्हारराव गेले, तर १७६७ साली एकुलता पुत्र मालेराव गेला. त्यानंतर सैन्याची जबाबदारी तुकोजीराव होळकरांकडे देऊन अहिल्यादेवींनी नर्मदातीरी महेश्वर येथून सुमारे २८ वर्षे राज्य केले.

त्यांच्या दानधर्माचा हिशेब मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १७३४ साली पेशव्यांनी होळकरांच्या घरच्या स्त्रियांसाठी खासगीची निराळी जहागीर लावून दिली होती. ती सासूबाई गौतमाबाईंच्या पश्चात अहिल्यादेवींकडे आली. धर्मकार्याचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. दौलतीचा पैसा निराळा आणि धर्माचा निराळा, ही शिस्त त्यांनी कधी मोडू दिली नाही.

या पैशातून देवळे उभी राहिली, तशाच विहिरी, बारवा, कुंडे, घाट आणि धर्मशाळाही उभ्या राहिल्या. यात्रेकरू कोसच्या कोस पायी चालत. वाटेत पाणी नसेल तर देव कितीही जागृत असला तरी भक्त त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा, हा साधा विचार त्यामागे होता. वेरूळ येथे घृष्णेश्वराचे मंदिर आणि जवळचे शिवालय तीर्थ ही दोन्ही कामे होळकर घराण्यातील गौतमाबाई व अहिल्यादेवी यांच्या पुण्याईने झाली. देव आणि पाणी असे एकाच गावी, हाकेच्या अंतरावर आहेत.

सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्यादेवींच्या पश्चात माळव्यातील लोकांना विचारून त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी त्या रस्त्यांवर माणसे नेमत. महेश्वरच्या आसपास शेतकरी नांगर धरून असताना बाईंचा माणूस येई, बैल थांबवी आणि त्यांना पाणी पाजून जाई. तीर्थक्षेत्रांना तर त्या दरवर्षी नेमाने रक्कम पाठवीत. यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. नुसते बांधकाम करून त्या थांबल्या नाहीत. पुढे ते चालावे, यासाठी माणूस आणि पैसा यांची कायमची नेमणूक करून दिली.

उतारवयात नातू आणि जावई यांचे निधन झाले व कन्या मुक्ताबाई सती गेली. हे आघात सोसूनही कारभार थांबला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

आज गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र नव्या रंगाच्या देवळाशेजारी जुनी बारव गाळाने भरलेली, दगडांच्या सांध्यांत पिंपळ उगवलेला, आणि आत नारळाच्या शेंड्या व निर्माल्य तरंगत असलेले, असेही दृश्य अनेक ठिकाणी दिसते. घरी नळ आला आणि विहिरीकडे पाठ फिरली. पण चैत्र-वैशाखात नळ कोरडा पडला की बायाबापड्या घागर घेऊन त्याच विहिरीवर जातात. तेच गढूळ पाणी मग लेकरांच्या पोटात जाते.

बारवेचा जीर्णोद्धार करताना एक गोष्ट मात्र विसरू नये. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून पाणी भरण्याच्या रीतीमुळे पूर्वी नारूचा रोग पसरे. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जंतू पाण्यात जात आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. अहिल्यादेवींच्या काळी हे कोणास ठाऊक नव्हते. पुढे पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, पाणी गाळून पिणे अशा उपायांनी १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. म्हणून बारवेचे दगड जुने राखावेत, पण पाणी रहाटाने किंवा पंपाने वरूनच काढावे. उन्हाळ्यात गाळ काढावा, कठडा उंच करावा, सांडपाण्याला वाट द्यावी, उकिरडा व गोठा दूर न्यावा, आणि पिण्याच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर ठरल्या प्रमाणात टाकावी.

हे काम एका वर्षाचे नाही. वर्गणी जमते, कळस चढतो, पंगती उठतात; पुढल्या पावसात विहिरीत पुन्हा गाळ येतो. म्हणून यात्रेच्या हिशेबात मांडव आणि महाप्रसाद यांच्याबरोबर विहिरीच्या खर्चाचीही एक ओळ दरसाल असावी, व ते काम पाहणारा माणूस नेमलेला असावा. अहिल्यादेवींच्या नेमणुकीचा अर्थ हाच होता. ज्या विहिरीचे पाणी देवाला अभिषेकास चालते, ते गावातील प्रत्येक घरच्या लेकराला पिण्यास चालावे, एवढे झाले की जीर्णोद्धार पुरा झाला.